सीबीसीटीवर खालचा जबडा मोजायचा कसा: स्कॅनच्या चिठ्ठीपासून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत

खालच्या जबड्यात इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, हाड किती आहे. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन, काढतात. सॉफ्टवेअर उघडलं, क्रॉस सेक्शनवर (जबड्याच्या आडव्या कापावर) रेघ ओढली, १२.४ मिमी आलं, झालं. पण ती रेघ कुठल्या पातळीत ओढली हे फार कमी लोक बघतात अन् सगळं त्यावरच ठरतं. जबडा स्क्रीनवर आधी नीट बसवून घेतला नसेल तर स्केल कितीही अचूक असो, आकडा चुकीचाच येणार, आणि तो दिसायला एकदम बरोबर दिसतो हेच त्यातलं धोकादायक आहे. खालच्या जबड्याच्या आतून नस जाते, तिला ड्रिल लागलं तर पेशंटचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही आठवड्यांसाठी, कधी कायमची. म्हणून हा लेख जरा लांब होईल, चालवून घ्या.

हे मुख्यतः नवीन प्रॅक्टिस सुरू केलेल्या डेंटिस्ट मुलामुलींसाठी आहे, आणि इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगणा रोडच्या कॉलेजांत पीजी करताना थीसिससाठी जबडे मोजत बसलेल्यांसाठी. नागपुरात आता धंतोली, रामदासपेठ, सीताबर्डी भागात सीबीसीटी सहज होतो, त्यामुळे स्कॅन मिळणं ही अडचण राहिली नाही, तो वाचणं राहिलंय.

ओपीजीवर का मोजायचं नाही

ओपीजीत (सगळ्या दातांचा एकच सपाट एक्स-रे) चित्र साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, पेशंट थोडा पुढेमागे उभा राहिला तरी बदलतं. शिवाय हाडाची रुंदी त्यात दिसतच नाही. उंची १५ मिमी दिसणारं हाड वरून सुरीच्या धारेसारखं पातळ असू शकतं आणि ओपीजी त्याबद्दल चकार शब्द सांगत नाही. सीबीसीटी १९९०च्या दशकाच्या शेवटी डेंटिस्ट्रीत आला तो याच कारणासाठी कामाचा ठरला, कारण त्यात तिन्ही दिशांनी खरं माप मिळतं. पण म्हणून प्रत्येकालाच सीबीसीटी लिहू नका. ओपीजी आणि तोंडातली तपासणी यात काम भागत असेल तर तिथंच थांबायचं, रेडिएशन कमी जास्त असलं तरी ते रेडिएशनच आहे.

स्कॅन लिहून देताना

चिठ्ठीवर नुसतं "सीबीसीटी खालचा जबडा" लिहून पाठवू नका. काय हवंय ते लिहा. एकाच दाढेची जागा असेल तर ५ बाय ५ सेंमीचा छोटा एफओव्ही (स्कॅनमध्ये येणारा भाग) पुरतो, दोन्ही बाजू हव्या असतील तर ८ बाय ८ किंवा सेंटरच्या मशीनमध्ये त्याच्या जवळचं जे असेल ते. व्हॉक्सेल (स्कॅनचा सगळ्यात छोटा ठोकळा) ०.२ ते ०.३ मिमी इम्प्लांटच्या मापाला छान चालतो. ०.०७५ मागण्यात अर्थ नाही, त्यात स्कॅन लांबतो, दाणेदारपणा वाढतो, पेशंट हलायची शक्यता वाढते, डोसही वाढतो. अक्कलदाढेचं मूळ नसेला चिकटलंय का हे बघायचं असेल तेव्हा बारीक व्हॉक्सेल समजण्यासारखा आहे.

आणि चिठ्ठीवर एक ओळ पक्की लिहा: डायकॉम डेटा द्यावा, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल. आपल्याकडे पेशंट गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, पलीकडे छिंदवाडा-बालाघाटवरून येतात, एकदा घरी गेले की सीडीसाठी परत कोण येणार, मग सेंटरवाल्याला फोन केला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो टाकतो. त्या फोटोवर माप घ्यायचं नाही, कधीच नाही. फोटोत स्केल बदललेली असते, स्लाइस दुसऱ्या कोणी निवडलेली असते, आणि ती तिरपी आहे का हे तपासायचा काही मार्ग तुमच्याकडे उरत नाही. छापील फिल्मचंही तेच, बाजूची स्केलपट्टी खऱ्या पट्टीने मोजून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

तोंड किती उघडतं ते आधी बघा

हे पुस्तकात वेगळ्या धड्यात असतं पण नागपुरात इथंच सांगावं लागतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारा पेशंट असेल तर गालाच्या आतले पट्टे कडक झालेले असतात (सबम्यूकस फायब्रोसिस) अन् तोंड उघडत नाही. "डॉक्टर साहेब, एवढंच उघडते, जास्त नाही उघडत" हे रोज ऐकायला मिळतं. व्हर्नियरने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजा आणि केसपेपरवर लिहा. मागच्या दाढेच्या जागी हँडपीस आणि ड्रिल उभं घालायचं तर ३५ मिमीच्या आसपास तरी तोंड उघडायला हवं. ते २० मिमीच उघडत असेल तर स्कॅनवर हाड कितीही सुंदर असो, ड्रिल सरळ जाणार नाही, तिरपं जाईल, आणि तुमचं सगळं माप सरळ ड्रिल गृहीत धरून घेतलेलं असेल. असा पेशंट आधी त्या आजाराच्या उपचाराला पाठवा, खर्रा बंद करायला सांगा, आणि चट्टे, जखमा दिसत असतील तर बायोप्सीचं बघा. इम्प्लांट थांबू शकतं, कॅन्सर असला तर तो थांबणार नाही.

स्कॅनच्या वेळेला

सेंटरमध्ये स्वतः उभं राहणं दर वेळी जमत नाही, पण टेक्निशियनशी एकदा बसून बोललात तर पुढची कितीतरी कामं सोपी होतात. खालच्या जबड्यासाठी डोकं असं ठेवायचं की चावण्याची पातळी जमिनीला समांतर येईल. वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे हवेत, मध्ये कापसाचे रोल ठेवा, म्हणजे वरच्या धातूच्या कॅपचे पांढरे पट्टे खालच्या हाडावर येत नाहीत. दात नसतील तर कवळी किंवा रोल, पण जबडा लटकता नको. कानातले, नथ, चष्मा, काढता येणारी धातूची कवळी काढायची. बाईंना दिवस गेलेत का हे विचारायचं, विचारायला लाजायचं नाही.

पेशंटला सूचना त्याच्याच भाषेत द्या. "काका, जीभ वर टाळूला लावून ठेवा, गिळू नका, मशीन फिरते तेवढा वेळ हलू नका, दुखत काही नाही." वयस्कर माणसाला मशीन डोक्याभोवती फिरणार आहे हे आधी सांगितलं नाही तर तो बघायला मान वळवतोच. हलल्याची खूण ओळखायला शिका: हाडाच्या कडेला दुहेरी रेघ दिसली तर स्कॅन हललाय. अशा स्कॅनवर एक मिलिमीटरचा निर्णय घेता येत नाही.

आता खरं काम: जबडा सरळ करणे

डायकॉम फोल्डर सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मशीनसोबत आलेलं चालेल, नाहीतर थ्रीडी स्लायसर फुकट आहे, ब्लू स्काय प्लॅनमध्येही बघणं आणि मोजणं होतं. सॉफ्टवेअर कुठलंही असो, पहिल्यांदा तीन चौकटींचा व्ह्यू उघडायचा, अ‍ॅक्सियल, कोरोनल, सॅजिटल, म्हणजे वरून, समोरून आणि बाजूने दिसणारे काप. पॅनोरॅमिक कर्व्ह (जबड्याच्या कमानीवरून काढायची रेघ) लगेच काढायला घेऊ नका, सगळ्यांचा हात तिकडेच जातो.

अ‍ॅक्सियलमध्ये जबड्याची घोड्याच्या नालेसारखी कमान दिसेल, तिची मधली रेघ उभी येईपर्यंत फिरवा. कोरोनलमध्ये दोन्ही बाजूंच्या खालच्या कडा एका पातळीत आणा, छोट्या एफओव्हीत एकच बाजू असेल तर हाडाचा उभा अक्ष सरळ करा. सॅजिटलमध्ये, आणि इथं जास्त वेळ द्या, ज्या जागी इम्प्लांट टाकायचंय तिथल्या शेजारच्या दातांची चावण्याची पातळी आडवी करा. शेजारी दातच नसतील तर जबड्याची खालची कड आडवी धरा. थीसिससाठी मोजत असाल तर सगळ्या पेशंटमध्ये एकच पातळी वापरायची, एकात चावण्याची आणि दुसऱ्यात खालची कड असं केलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

हे का करायचं ते आकड्यात बघा. काकडी तिरपी कापली की चकती लांबट होते, जबड्याचंही तसंच. खरी उंची १२ मिमी असताना स्लाइस २० अंशांनी तिरपी गेली तर स्क्रीनवर जवळपास १२.८ दिसते, ३० अंशांनी गेली तर १३.९. म्हणजे नसेच्या वर आपण २ मिमी मोकळी जागा ठेवतो ती स्क्रीनवर आहे असं वाटत राहतं आणि तोंडात ती उरलेलीच नसते. २० अंश फार वाटतात ना? पण दाढ काढून वर्षं झाली, मागची दाढ पुढे झुकली, वरचं हाड उतरतं झालं, अशा पेशंटमध्ये नुसत्या अंदाजाने पातळी लावली तर एवढा फरक सहज पडतो.

यानंतर कर्व्ह. अ‍ॅक्सियल स्लाइस खाली न्या, साधारण नळीच्या (नस हाडातून ज्या पोकळीतून जाते तिच्या) उंचीच्या थोडी वर, आणि हाडाच्या गालाकडच्या व जिभेकडच्या कडांच्या बरोबर मधून कमान काढा. वरच्या टोकावरून काढू नका कारण दात गेल्यावर वरचं हाड एका बाजूने झिजतं आणि कमान वाकडी पडते. पॉइंट थोडे आणि लांब लांब टाका. फार जवळ टाकले की कमान नागमोडी होते आणि शेजारशेजारच्या क्रॉस सेक्शनचं तोंड वेगवेगळ्या दिशेला फिरतं. क्रॉस सेक्शन १ मिमी जाडीचे, १ मिमी अंतरावर. काढून झालं की अ‍ॅक्सियलवर प्रत्येक कटची रेघ दिसते, ती हाडाच्या दोन्ही कडांना काटकोनात आहे का ते तुमच्या जागेवर तरी तपासा. नसेल तर कर्व्ह पुन्हा काढा, दोन मिनिटं लागतात.

नळी शोधणे

मागून सुरू करा. रॅमसच्या (जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या) आतल्या बाजूला लिंगुला या हाडाच्या छोट्या उंचवट्यापाशी नस हाडात शिरते, तिथं ती छान दिसते. तिथून पॉइंट टाकत पुढे या. मग पुढच्या टोकाकडून, मेंटल फोरामेनपासून (नस जिथून हाडाबाहेर पडते ते छिद्र), मागे या. मेंटल फोरामेन बहुतेकांत दुसऱ्या उपदाढेच्या खाली किंवा दोन उपदाढांच्या मध्ये असतं. दोन्हीकडून आलेली रेघ मध्ये जुळली तर ठीक, नाही जुळली तर मधल्या भागात एकेक मिलिमीटरने जाऊन बघा.

पहिल्या दाढेच्या आसपास नळी बऱ्याचदा हरवते. तिची भिंत सगळीकडे पांढरी, जाड असतेच असं नाही, आणि तिथं हाडाची जाळीही विरळ असते, त्यामुळे सगळंच करडं दिसतं. अशा वेळी सॅजिटल स्लाइस थोडी जाड करून बघा, नळीची दिशा लक्षात येते. तरी नाही दिसली तर दिसणाऱ्या दोन टोकांमधून रेघ न्या, ती शक्यतेतल्या सगळ्यात वरच्या बाजूने न्या, आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की इथं नळीची भिंत दिसत नाही. सॉफ्टवेअर नस म्हणून जी रंगीत नळी काढतं तिचा व्यास बारीक ठेवलेला असेल तर ३ मिमी करा. ती रंगीत नळी तुम्ही काढलेली आहे, ती पेशंटची नस नव्हे, हे प्रत्येक वेळी स्वतःला सांगा. काहींत नळी दुहेरी असते, एक फांदी अक्कलदाढेमागे वर जाते, तेही बघून ठेवा.

पुढच्या बाजूला अँटिरिअर लूप. काही जणांत नस फोरामेनच्या पुढे जाते आणि मागे वळून बाहेर पडते. लूप साधारण १ ते ३ मिमीची असते पण ५-६ मिमीचीही सापडते. फोरामेनच्या पुढच्या कडेपासून पुढे एकेक क्रॉस सेक्शन मोजत जा, नळी जिथपर्यंत परत वळताना दिसते तिथपर्यंतचे कट गुणिले कटमधलं अंतर, ही लूपची लांबी. जी नळी परत न वळता बारीक होत पुढे निघून जाते ती इन्सायझिव्ह कॅनाल. दोन फोरामेनच्या मध्ये इम्प्लांट टाकून कवळी अडकवायची असेल तर हे माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मापं

ब्राइटनेस-काँट्रास्ट आधी ठरवा आणि मग त्याला हात लावू नका, कारण विंडो बदलली की हाडाची कड जाड-बारीक दिसते अन् माप सरकतं. थ्रीडी रंगीत मॉडेलवर मोजू नका, ते पेशंटला समजवायला चांगलं आहे, पण पातळ हाड त्यात गायब होतं किंवा नसलेलं हाड दिसतं. बरेच काप एकत्र केलेल्या जाड स्लॅबवरही नाही. फक्त पातळ क्रॉस सेक्शनवर.

उंची मोजताना खालचं टोक नळीच्या वरच्या भिंतीवर ठेवा, मध्यावर नाही. वरचं टोक हाडाच्या शेंड्यावर नाही, हाड जिथं कामापुरतं रुंद होतं तिथं. रुंदी शेंड्यापासून १ मिमी, ३ मिमी आणि ६ मिमी खाली अशी घ्या. मग जिभेकडची खोलगट जागा, सबमँडिब्युलर फोसा. आतल्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन सगळ्यात बाहेर आलेले बिंदू जोडा, त्या रेघेपासून सगळ्यात खोल बिंदूपर्यंत लंब टाका. २ मिमीपेक्षा कमी असेल तर काळजीचं कारण कमी, ३ मिमीच्या वर असेल तर ड्रिल जिभेकडून बाहेर पडायचा खरा धोका. तिथून आणि पुढे हनुवटीच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या जातात, त्या फुटल्या तर तोंडाच्या तळाशी रक्त साचून जीभ वर ढकलली जाते आणि श्वास अडकू शकतो. मध्यरेषेवरचं लिंग्वल फोरामेन (जिभेकडचं रक्तवाहिनीचं छिद्र) म्हणूनच नोंदवायचं.

एक केस धरून करून बघू. डाव्या खालच्या पहिल्या दाढेची जागा. शेंड्यापासून नळीपर्यंत १२.६ मिमी. वरचे २ मिमी हाड जेमतेम ३ मिमी रुंद, त्याखाली ६.५. वरचे २ मिमी छाटले जाणार, उरले १०.६. त्यातून नसेवरचे २ मिमी सोडा, ८.६. म्हणजे इम्प्लांट ८ मिमी, १० नाही. आता ड्रिल: ड्रिलचं टोक लिहिलेल्या लांबीपेक्षा जास्त खाली जातं, बऱ्याच सिस्टिममध्ये १ मिमीच्या आसपास, कंपनीचा तक्ता काढून बघाच. ८ अधिक १, म्हणजे ड्रिल ९ मिमी जाणार आणि नसेवर १.६ उरणार. चालेल, पण हात घट्ट हवा, ड्रिलला स्टॉपर हवा. रुंदी ६.५, दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी हाड ठेवलं तर ३.५ चा इम्प्लांट. दाढेच्या जागी तो बारीक वाटतो, त्यामुळे हाड वाढवायचं का हा प्रश्न पेशंटसमोर ठेवावा लागेल. शेजारच्या दातापासून दीड मिमी आणि दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी हेही याच वेळी बघून घ्या.

स्क्रीनवर १२.६३ आलं तर ती शेवटची ३ विसरा, ०.२च्या व्हॉक्सेलमध्ये तिला काही अर्थ नाही. शंका असेल तिथं आकडा खाली आणा, वर कधीच नाही. हाडाची घनता मात्र सीबीसीटीवर मोजायच्या फंदात पडू नका. त्यातले करडे आकडे म्हणजे सीटी स्कॅनचे हाउन्सफिल्ड युनिट (घनतेचं ठरलेलं माप) नव्हेत, मशीन आणि एफओव्ही बदलला की तेही बदलतात.

अक्कलदाढ काढायची असेल तर

ओपीजीत मूळ नळीवर काळपट दिसणं, नळीची पांढरी रेघ तुटणं, नळी वळणं अशा खुणा असतील तरच सीबीसीटी. १९९० साली रूड आणि शेहाब यांनी अशा सात खुणा मांडल्या, त्या आजही वापरतात. क्रॉस सेक्शनवर तीन गोष्टी लिहा: नळी मुळाच्या कुठल्या बाजूला आहे, मध्ये हाडाची भिंत शिल्लक आहे का, नळीचा आकार दाबला गेलाय का. नळी जिभेच्या बाजूला असून चिकटलेली असेल तर धोका वाढतो, सर्जनला हे फोन करून सांगा.

थीसिसवाल्यांसाठी

प्रत्येक माप दोनदा, मध्ये किमान दोन आठवडे, आणि पहिले आकडे समोर न ठेवता. काही स्कॅन दुसऱ्या कोणाकडूनही मोजून घ्या. दोन वेळच्या मापांतली चूक काढायचं डालबर्गचं सूत्र सोपं आहे, दोन मापांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले मापांच्या जोड्यांच्या दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. गोनिअल अँगल (जबड्याचा मागचा कोन), रॅमसची उंची, काँडाइल (कानाजवळच्या सांध्यातलं जबड्याचं टोक) यांना मोठा एफओव्ही लागतो, पण त्यासाठी नवीन स्कॅन काढू नका, आधी दुसऱ्या कारणाने झालेले स्कॅन वापरा आणि एथिक्स कमिटीकडे तसंच मांडा.

रिपोर्ट आणि नंतर

रिपोर्टमध्ये एफओव्ही, व्हॉक्सेल, कुठली पातळी धरली, कितव्या क्रॉस सेक्शनवर मोजलं हे लिहा, म्हणजे दुसरा डॉक्टर तोच कट उघडून तपासू शकतो. पूर्ण व्हॉल्यूम बघा, फक्त इम्प्लांटची जागा नाही. कोपऱ्यात एखादी गाठ किंवा गळू निघालं तर ते तुम्हीच सांगायला हवं.

इम्प्लांटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला फोन करा, ओठ जागा झाला का विचारा. भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी ओठ जड असेल तर "होईल ठीक" म्हणून आठवडा घालवू नका. लगेच बोलवा, ओठ-हनुवटीवरचा बधिर भाग पेनाने आखून फोटो घ्या, छोट्या एफओव्हीचा स्कॅन करा, आणि जुन्या स्कॅनच्या त्याच कटशेजारी ठेवून इम्प्लांटचं टोक नळीपासून किती आहे ते मोजा. टोक नळीत किंवा नळीला टेकून असेल तर पहिल्या दीड दिवसाच्या आत इम्प्लांट बाहेर काढलं तर नस वाचायची शक्यता जास्त असते.